छोट्या कॉलेजची बेसबॉल टीम आणि तिचे अडीच कोच

अंगणवेल
नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात क्रिकेट सोडून धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. उजव्या हाताचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बोलर. आम्ही ओहायोत असतो. डिव्हिजन वनचं, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीचं, स्वप्न मागच्या उन्हाळ्यातच आटोपलं, ते दुःख उगाळायला हा धागा नाही. सध्या एका लहान कॉलेजच्या हेड कोचचे फोन येतायत. हजार-बाराशे विद्यार्थी, डिव्हिजन थ्री, म्हणजे तिसरी पातळी. म्हणजे खेळाच्या नावाने एक डॉलर मिळणार नाही, पण मार्कांवर बऱ्यापैकी मदत देतायत. अभ्यासाच्या बाजूने कॉलेज आम्हाला पसंत आहे.

अडलंय ते कोचिंग स्टाफपाशी. हेड कोच पूर्णवेळ. पिचिंग कोच अर्धवेळ, दिवसा त्यांची इन्शुरन्स एजन्सी आणि चारनंतर मैदान. बॅटिंग आणि कॅचर्स बघणारा ग्रॅज्युएट असिस्टंट तेवीस वर्षांचा आहे, तिथेच एमबीए करतोय. चौथे एक निवृत्त शाळामास्तर, ते पैसे घेत नाहीत. सामन्यात फर्स्ट बेसच्या कोचिंग बॉक्समध्ये हेल्मेट घालून उभे असतात. वेबसाइटवर चौघांचे फोटो एकाच मापाचे आहेत. नवरा म्हणतो, चार जण आहेत की! माझ्या हिशेबाने अडीच.

अशा स्टाफवर चार वर्षं भरवसा टाकावा का? काय बघायचं, काय विचारायचं? इथे कुणाची मुलं खेळली असतील तर जरूर लिहा.

मिरचीकांदा
तेवीस वर्षांचा एमबीएवाला आमच्याही ऑफिसात आहे. तो आम्हाला बॅटिंग शिकवतो. ह. घ्या.

डगआउट_काका
अंगणवेल, पेनसिल्व्हेनियात राहून दोन्ही मुलांच्या वेळी हे सगळं पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लहान कॉलेजचा हेड कोच करतो काय, ते आधी समजून घ्या. डिव्हिजन थ्रीत मोसमाला जास्तीत जास्त ४० सामने. डिव्हिजन वनला ५६ असतात. सामने संपतात मे महिन्यात. उरलेलं वर्ष हा माणूस मुलं शोधत फिरतो. जुलैच्या उन्हात हायस्कूलच्या पोरांच्या स्पर्धा चालू असतात, तिथे बॅकस्टॉपच्या जाळीमागे घडीच्या खुर्चीवर रडार गन घेऊन बसलेले सगळे हेच. कॉलेज त्याला पगार देतं तो सामने जिंकण्यासाठी कमी आणि फी भरणारी मुलं आणण्यासाठी जास्त. हे कुणी तोंडावर बोलत नाही, पण लहान खाजगी कॉलेजांचं गणितच तसं आहे. पटसंख्या घसरली की आधी शिक्षकांच्या जागा जातात आणि मग कॉलेजच बंद पडतं. चाळीस-पन्नास मुलांचा बेसबॉल संघ म्हणजे चाळीस-पन्नास प्रवेश. खेळाची स्कॉलरशिप द्यायची नाही, त्यामुळे बहुतेक जण काही ना काही फी भरतातच.

त्यामुळे पहिला प्रश्न कोच किती हा विचारूच नका. रोस्टरवर, म्हणजे संघाच्या यादीत, मुलं किती आणि त्यातली शेवटच्या वर्षाची किती ते विचारा. पहिल्या वर्षाला वीस आणि चौथ्याला पाच असतील तर मधली पंधरा कुठे गेली? काही अभ्यासासाठी सोडतात, काही कंटाळून. पण दर वर्षी हेच होत असेल तर कोच माणसं आणतो, घडवत नाही.

आणखी एक. पाऊस पडून गेल्यावर कधी सामन्याच्या दोन तास आधी जाऊन बघा. माउंडवर, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्यावर, त्याचा पुढचा पाय जिथे पडतो तिथे खड्डा होतो. त्यात चिकणमाती भरायची, पाणी शिंपडायचं आणि धुमसाने ठोकत बसायचं. आमच्या धाकट्याच्या कॉलेजात हे काम हेड कोच स्वतः करायचा, गुडघ्यावर बसून. इनफिल्डवर पाणी शोषणारी भुकटी पसरणं, दाताळं ओढणं, ताडपत्री गुंडाळणं, चुन्याच्या रेघा मारणं, सगळं कोच आणि पोरंच करतात. ग्राउंड्समन वगैरे चैन नाही. माती नीट ठोकणारा कोच मला आवडतो. पिचरचा पाय घसरला तर खांदा जातो, हे त्याला कळलेलं असतं.

खडूस_दादरकर
काका, मस्त प्रतिसाद. पण मला हे रडगाणंच कळलं नाही. आचरेकर सरांकडे किती स्टाफ होता? शिवाजी पार्क, एक स्कूटर आणि स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं. पिचिंग कोच, हिटिंग कोच, बेंच कोच, फलाणा कोच. एका पोरामागे किती माणसं लावणार? अडीच म्हणजे चंगळ आहे.

नाममात्र
खडूस +१. ते नाणं बोलर्सना मिळायचं की सचिनला, यावर वेगळा धागा काढा.

मृण्मयी_फिजिओ
खडूसदादा, आचरेकर सरांबद्दल आदर आहेच, पण इथे तुलना चुकतेय. बॅट्समनने दिवसभर नेट्समध्ये खेळलं तर फार तर थकेल. पिचरच्या कोपराचं तसं नसतं.

मी ॲरिझोनात फिजिकल थेरपिस्ट आहे. आमच्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या पिचर्समध्ये कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटच्या तक्रारी सर्रास असतात. हेच ते ‘टॉमी जॉन’ ऑपरेशनवालं लिगामेंट. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्सच्या टॉमी जॉनवर ते पहिल्यांदा केलं. दुसरीकडचा स्नायुबंध काढून कोपरात बसवायचा. तो १९७६ला परत खेळायला आला आणि पुढे १६४ सामने जिंकला. त्यामुळे आईबापांना वाटतं, ऑपरेशन केलं की हात नवा. प्रत्यक्षात परत माउंडवर उभं राहायला वर्ष-दीड वर्ष जातं. कॉलेजच्या चारांतलं दीड!

आता मुद्द्याचं. हायस्कूलमध्ये २०१७पासून प्रत्येक राज्याला पिचेसच्या, म्हणजे पिचरने टाकलेल्या चेंडूंच्या, संख्येवर मर्यादा घालणं बंधनकारक झालं. ओहायोतही आहे, म्हणजे तुमचा मुलगा त्याच शिस्तीत वाढलाय. कॉलेजात मात्र एनसीएएची (कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था) अशी मर्यादाच नाही. मेजर लीग (इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉलने २०१४मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. १९ ते २२ वयासाठी दिवसाला जास्तीत जास्त १२० पिचेस, आणि १०५च्या वर गेलं तर पाच दिवस विश्रांती. पण ती तत्त्वं आहेत, नियम नव्हे. अंपायर येऊन थांबवत नाही. थांबवणारा एकच माणूस, पिचिंग कोच.

म्हणून अंगणवेल, तुमच्या यादीत सगळ्यात महत्त्वाचा कोण असेल तर ते इन्शुरन्सवाले. अर्धवेळ आहेत म्हणून बिघडत नाही. सरळ विचारा: पिचेस कोण मोजतं? सामन्यातलेच मोजता की बुलपेनमध्ये, म्हणजे बाजूच्या सरावाच्या जागेत, वॉर्म-अपला टाकलेलेही? शनिवारी टाकलेल्या मुलाला मंगळवारी पुन्हा उतरवायचं की नाही, हे ठरवतं कोण, हेड कोच की तुम्ही? आणि तुमचं म्हणणं हेड कोच ऐकतो का?

शेवटच्या प्रश्नाला ते किती वेळ गप्प बसतात तेही बघा. :)

डगआउट_काका
मृण्मयी, शंभर टक्के. थोरल्याच्या वेळी हेच झालं. प्ले-ऑफचा शनिवार-रविवार, पहिल्या दिवशी पूर्ण सामना टाकला आणि दुसऱ्या दिवशी ‘फक्त तीन आउट’ म्हणून पुन्हा उतरवला. पिचिंग कोच डगआउटच्या टोकाला पाठ करून उभा होता. चॅम्पियनशिप मिळाली. त्या उन्हाळ्यात पोराला डोक्यावरचं कपाट उघडता येत नव्हतं.

खडूस_दादरकर
बरं, मागे घेतो. नाणं मात्र ठेवा.

टिवल्याबावल्या
अवांतर प्रश्न. पिचरच्या मनगटावर तो कागदी पट्टा असतो, बारीक आकड्यांचा, त्याचं काय? पुतण्याच्या सामन्याला गेले होते. कोच डगआउटमधून ‘दोन-एक-चार’ असं काहीतरी ओरडत होता आणि मुलं मनगट बघत होती. मला वाटलं लॉटरी लागलीय.

माजी_जीए
पहिल्यांदाच इथे लिहितोय. मराठी आईकडून, त्यामुळे शुद्धलेखन समजून घ्या.

टिवल्याबावल्याताई, प्रत्येक आकडा म्हणजे एक चेंडू. कुठला टाकायचा आणि कुठे, हे दोन्ही त्यात येतं. पिचिंग कोच आकडा सांगतो, कॅचर आणि पिचर तक्त्यात बघतात. समोरच्या टीमला कळू नये म्हणून तक्ते बदलत राहतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते आता कॅचरच्या कानात बोलणारं यंत्र वापरतात. मला स्वतःला हे फारसं आवडत नाही. कॅचरला विचार करायला शिकवायचं की रिमोटवर चालवायचं? पण हरलं की नोकरी कोचची जाते, कॅचरची नाही. त्यामुळे रिमोट कोचच्या हातात.

मी पेनसिल्व्हेनियात एका लहान कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे जीए, होतो. तुमच्या त्या तेवीस वर्षांच्या मुलासारखाच. पदव्युत्तर शिक्षणाची फी माफ आणि वर थोडे पैसे. माझी खोली पहिल्या वर्षाच्या मुलांच्याच होस्टेलमध्ये होती. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर बर्फ. जिम एकच, त्यात बास्केटबॉल, लॅक्रॉस, ट्रॅक सगळे. आमच्या वाट्याला पहाटे साडेपाच किंवा रात्री दहा. छतावरून जाळ्या सोडायच्या, एल-स्क्रीनच्या (L आकाराची संरक्षक जाळी) आड उभं राहून मुलांना बॅटिंगसाठी चेंडू टाकायचे. शेकड्याने. पिचर्सचे हात सगळे जपतात, माझ्या खांद्याची चौकशी कुणी केली नाही.

सामना संपला की धुणं. प्रत्येक खेळाडूचे मोजे-बनियन एका पट्ट्यात ओवलेले असतात, त्या पट्ट्यावर नंबर. पन्नास पट्टे. एकाचा पट्टा सुटला की सगळ्या मशीनमध्ये कुणाचे मोजे कुणाचे पत्ता नाही. मग व्हिडिओ कापायचे, चेंडू किती फिरतो ते मोजणाऱ्या यंत्रातले आकडे काढून ठेवायचे. कोचिंग यातूनच कुठेतरी मधेमधे.

पण अंगणवेल मावशी, एक सांगतो. जीए म्हणून माणूस टाकाऊ नसतो. माझ्याकडचे कॅचर माझ्याशी जे बोलायचे ते हेड कोचशी कधीच बोलले नसते. फक्त जीए दोन वर्षांत जातो. डिग्री झाली की जानेवारीत कोचेस असोसिएशनचं मोठं अधिवेशन भरतं, तिथे हॉटेलच्या लॉबीत आम्ही सगळे एकसारखे पोलो शर्ट घालून, हातात बायोडेटा घेऊन फिरतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या चार वर्षांत बॅटिंगचा कोच निदान एकदा बदलणार हे धरून चाला. तो पिचर आहे म्हणून तुम्ही वाचलात.

अंगणवेल
माजी_जीए, ‘मावशी’बद्दल धन्यवाद, आता घरात सांगते. फारच उपयोगी लिहिलंत. मोज्यांच्या पट्ट्यांचं वाचून मुलगा म्हणाला, ‘हेच मी करणार असेन तर एमबीए नको.’

पासाडेना_पाटील
कोच किती यापेक्षा मुलं कोण हेही बघा. आमच्या गावातलं कॅलटेक घ्या. तेही डिव्हिजन थ्रीच. नोबेलवाल्यांचं कॉलेज, पण बेसबॉलमध्ये ओळीने २२८ सामने हरले होते. २००३नंतर विजय नाही. शेवटी २ फेब्रुवारी २०१३ला पॅसिफिकाला ९-७ असं हरवलं तेव्हा ती माळ तुटली. संघात शाळेतही कधी बेसबॉल न खेळलेली मुलं असायची. असल्या संघाचा कोच होणं म्हणजे कसली नोकरी, विचार करा. तुम्ही कर्व्हबॉल शिकवायला जावं तर समोरचा, फिरता चेंडू हवेत का वळतो त्या मॅग्नस परिणामाचं समीकरण मांडून दाखवणार. चेंडू मात्र स्ट्राइक झोनमध्ये पडणार नाही.

मिरचीकांदा
२२८! आमच्या सोसायटीची क्रिकेट टीम हे वाचून भावुक झालीय.

नियमावली
फुकट येणाऱ्या मास्तरांचा विषय निघालाय म्हणून. डिव्हिजन वनमध्ये बेसबॉलला बरीच वर्षं ‘व्हॉलंटियर कोच’ असं अधिकृत पद होतं. हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक बिनपगारी. हा बिनपगारी माणूस हौसेखातर येणारा आजोबा नसे. रोज दिवसभर राबणारा पूर्ण कोच असे, आणि उपजीविका मुलांचे उन्हाळी कॅम्प घेऊन करत असे. एनसीएएने हे पद १ जुलै २०२३पासून रद्द केलं आणि तिसरा पगारी असिस्टंट ठेवायला परवानगी दिली. मधल्या काळात या कोचेसनी खटलाही भरला. तुम्ही सगळ्या कॉलेजांनी मिळून आमचा पगार शून्यावर बांधलात, असा दावा. तडजोड झाली सुमारे ४.९ कोटी डॉलर्सला.

तात्पर्य, ‘फुकट’ दिसलं की दोन प्रकार वेगळे करा. पेन्शन खाऊन आवडीने येणारा, आणि पुढच्या नोकरीच्या आशेवर पिळला जाणारा.

वांद्रे_ते_बॉस्टन
आणि ते हेल्मेट थट्टेचा विषय नाही. माइक कूलबॉ नावाचे मायनर लीगचे कोच २००७च्या जुलैमध्ये फर्स्ट बेसच्या बॉक्समध्ये उभे असताना सरळ आलेला चेंडू मानेवर लागून गेले. २००८पासून मेजर लीगने बेस कोचना हेल्मेट सक्तीचं केलं. मास्तर हेल्मेट घालतात तर चांगलंच आहे.

अंगणवेल
बाप रे. मी सहज लिहिलं होतं, त्यामागे असं काही असेल असं वाटलंच नव्हतं.

जळगावकर_सर
इथे जरा वेगळ्या बाजूने लिहितो. मी खानदेशात एका कॉलेजात क्रीडा संचालक होतो, आता निवृत्त. आमच्याकडे विद्यापीठ पातळीवर बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही आहेत, आणि सॉफ्टबॉलची आमच्या भागात चांगली परंपरा आहे. पण कोचिंग स्टाफ? मीच. कबड्डी मी, खोखो मी, क्रॉस कंट्री मी, बुद्धिबळाला मुलं नेणाराही मी. वर नॅकची फाइल. आंतरविद्यापीठ स्पर्धेआधी पंधरा दिवसांचं शिबिर लावायचं, तेव्हा बाहेरचा एखादा जुना खेळाडू बोलवायचा. त्याचा मानधनाचा व्हाउचर पास होईपर्यंत पुढची स्पर्धा यायची.

आमच्याकडे फंगो बॅट नव्हती. ती लांब, सडपातळ बॅट असते, कोचने फील्डिंगचा सराव देताना चेंडू उडवायची. मी साध्याच बॅटने अडीचशे चेंडू मारायचो आणि रात्री पंजा मिठाच्या पाण्यात ठेवायचो. त्यामुळे अडीच कोच, त्यातला एक खास पिचर्ससाठी, हे वाचून मला हेवा वाटला. तक्रार करू नका असं म्हणत नाही. एवढंच म्हणतो की पोर शिकतं ते समोरचा माणूस रोज येतो का, यावर. माझी मुलं शिकली, कारण मी सुट्टी घेत नव्हतो. शिकली नाहीत तीही त्याचमुळे, सगळ्या खेळांना मी एकटाच होतो.

खडूस_दादरकर
सर, दंडवत. नॅकच्या फाइलीसकट.

रेवती_ऑस्टिन
चारही कोच पुरुषच दिसतायत. या खेळात बायका कोच नसतात का? कुतूहल म्हणून विचारतेय.

वांद्रे_ते_बॉस्टन
कमी आहेत, पण आहेत, आणि सुरुवात लहान कॉलेजांतूनही झालीय. जस्टिन सीगल या मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्ड कॉलेजात क्रीडा मानसशास्त्रात पीएचडी करत होत्या, तेव्हा तिथल्या पुरुषांच्या संघाच्या असिस्टंट कोच होत्या. तेही डिव्हिजन थ्रीच. २०१५मध्ये ओकलंड एजनी त्यांना पाहुण्या प्रशिक्षक म्हणून घेतलं. मेजर लीगच्या क्लबने नेमलेल्या पहिल्या महिला कोच त्याच. २०२०मध्ये ॲलिसा नॅकन जायंट्सच्या पूर्णवेळ स्टाफवर आल्या. मोठ्या क्लबात दार उघडायला वर्षं लागतात. लहान कॉलेजात हेड कोचला एक बरा माणूस कमी खर्चात हवा असतो, तिथे असा शिरकाव होतो.

माजी_जीए
‘कमी खर्चात’ हे शब्द काळजाला लागले.

कोलंबसची_काकू
अंगणवेल, आपण एकाच राज्यात. तुमच्या ओहायोतच मॅरिएटा कॉलेज आहे ना, त्याचा इतिहास मुलाला वाचायला द्या. लहानसं कॉलेज. डॉन शेली १९६४ ते २००३ अशी ४० वर्षं तिथे कोच होते. १,४४२ विजय, आणि १९८१, १९८३, १९८६ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं. त्यांच्यानंतरच्या कोचने आणखी तीन मिळवली. १९७९ची वर्ल्ड सिरीज पायरेट्सनी जिंकली तेव्हा शेवटी येऊन सामने मिटवणारा केंट टेकल्वी तिथलाच. पुढे डॉजर्सचे मॅनेजर झालेले जिम ट्रेसीही तिथलेच. एकाच जागी ४० वर्षं! आताच्या कोचेसना चार वर्षांत मोठ्या कॉलेजचे वेध लागतात.

नाममात्र
काकू, ४० वर्षं टिकणं हा गुण की सवय?

कोलंबसची_काकू
१,४४२ विजय ही सवयच म्हणायची. :)

टिवल्याबावल्या
डिव्हिजन थ्रीतून हॉल ऑफ फेममध्ये कुणी गेलंय का हो? उगाच विचारतेय, अंगणवेलच्या घरी दाखवायला.

नियमावली
बिली वॅग्नर. व्हर्जिनियातल्या फेरम कॉलेजचा. २०२५मध्ये निवडला गेला. लहानपणी उजवा हात दोनदा मोडला म्हणून डाव्याने फेकायला शिकला आणि पुढे डावखुरा पिचर झाला. कोच अडीच होते की साडेतीन, ते मोजत बसला नसावा.

अंगणवेल
सगळ्यांचे आभार. गेले काही दिवस गप्प होते, कारण इथले प्रश्न घेऊन फोनाफोनी चालू होती. वृत्तांत:

रोस्टरवर ५२ मुलं. पहिल्या वर्षाची २१, चौथ्या वर्षाची ६. काका, तुमचं वाक्य आठवून मी सरळ विचारलं, मधली कुठे गेली? हेड कोच चिडले नाहीत. म्हणाले, काही जण खेळ सोडतात पण कॉलेज सोडत नाहीत, आणि ज्युनियर व्हर्सिटीचे, म्हणजे दुय्यम संघाचे, वेगळे सामने असतात, त्यामुळे सगळ्यांना मैदान मिळतं. नेमकी किती मुलं कॉलेजातून गेली ते विचारल्यावर मात्र ‘कळवतो’. अजून कळवलेलं नाही.

इन्शुरन्सवाल्या कोचशी तासभर बोलणं झालं. गृहस्थ तिथे ११ वर्षं आहेत आणि स्वतः त्याच कॉलेजात पिचर होते. मृण्मयी, तुझा प्रश्न विचारला. त्यांनी व्हिडिओ कॉलवर एक वही दाखवली. साधी, तारेची. प्रत्येक पिचरचं पान वेगळं. सामन्यातल्या पिचेस निळ्या शाईत, बुलपेनच्या लाल. एका पानावर लाल आकडा निळ्याच्या दुप्पट होता. तो मुलगा तीनदा वॉर्म-अप करून एकदाही उतरला नव्हता. म्हणाले, ‘स्कोअरबुकात हा मुलगा त्या दिवशी खेळलाच नाही. माझ्या वहीत तो दमलाय.’ हेड कोच ऐकतात का, यावर म्हणाले की मोसमात दोनदा भांडण होतं आणि त्यातलं एक ते जिंकतात.

नवऱ्याला माणूस आवडला. मला वही आवडली.

मृण्मयी_फिजिओ
बुलपेनच्या पिचेस लिहून ठेवणारा कोच मला आजवर फार थोड्या ठिकाणी भेटलाय. मोठमोठ्या कॉलेजांत यंत्रं असतात, पण सामन्यात न उतरलेल्या मुलाचा हिशेब तिथेही गळतो. मी असते तर अर्धवेळ-पूर्णवेळ विसरले असते. मात्र पावसाचं विचारून घे. ओहायोत एप्रिलमध्ये सामने वाहून जातात आणि मग तीन दिवसांत चार खेळायची पाळी येते. निम्म्या दुखापती त्याच आठवड्यांतून येतात असं माझं आपलं मत.

डगआउट_काका
मृण्मयीशी सहमत, तरी २१ आणि ६ मला टोचतंय. ज्युनियर व्हर्सिटीचं उत्तर ठरीव आहे, प्रत्येक कोच देतो. त्या संघाचे सामने किती, बस मिळते की पोरांच्याच गाड्या, आणि त्यांच्याबरोबर कोच कोण जातो? त्या दिवशी अडीचातले दोन मुख्य संघाबरोबर असतील तर उरलेला अर्धाच. पहिल्या वर्षी तुमचा मुलगा त्याच संघात असणार, तेव्हा हे विचाराच. आणि चौथ्या वर्षाच्या त्या सहांपैकी एखाद्याचा नंबर मागा. कोचसमोर नको, एकट्याशी बोला.

माजी_जीए
काका, तो अर्धा म्हणजे जीए. आणि व्हॅन चालवणाराही तोच. मी स्वतः चालवलीय, मागे बारा मुलं आणि कुणीतरी सूर्यफुलाच्या बियांची सालं थेट गालिच्यावर थुंकत होतं.

कोलंबसची_काकू
मार्चच्या सुट्टीतल्या फ्लोरिडा दौऱ्याचा खर्च कोण करतं तेही विचार. उत्तरेकडची बहुतेक कॉलेजं विंटर हेवनच्या आसपास जाऊन आठवड्यात आठ-दहा सामने खेळतात. आमच्या वेळी निम्मे पैसे मुलांनी वर्गणी गोळा करून उभे केले होते. फुटबॉलच्या सामन्यांना स्टॉलवर हॉट डॉग विकून. आमच्या घरात मांस-मच्छी चालत नाही, पण चिरंजीव मस्टर्ड सॉस कसा ओतायचा त्यात तरबेज होऊन आले.

नियमावली
आणि घाई करू नका. डिव्हिजन थ्रीत तुम्हाला बांधून ठेवणारा करार नसतो. सही करतानाचा फोटो काढायला एक कागद देतात, तो शोभेचा. कोच ‘या आठवड्यात सांगा’ म्हणत असेल तर ती त्याची रोस्टर भरायची घाई. कॉलेजचं डिपॉझिट साधारण १ मेपर्यंत भरायचं असतं, तीच खरी तारीख.

खडूस_दादरकर
१ मे म्हणजे महाराष्ट्र दिन. मुहूर्त चांगला आहे.

अंगणवेल
चौथ्या वर्षाच्या एका मुलाचा नंबर मिळालाय, लेकच बोलणार आहे त्याच्याशी. ज्युनियर व्हर्सिटीच्या कोचचं आणि पावसाच्या आठवड्यांचं मी आज मेल करून विचारलं. इन्शुरन्सवाल्यांचं उत्तर वीस मिनिटांत आलं, हेड कोचचं यायचंय.